आठवड्यातून तीनदा हॉटेल, मग माप कसं सांभाळू?

प्रश्न : मी 44 वर्षांची आहे, पुण्यात एका आयटी कंपनीत नोकरी करते. सहा महिन्यांपूर्वी तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी, 6.1 आलं. डॉक्टर म्हणाले, इतक्यात औषध नको, आहार सांभाळा आणि रोज चाला. आहारतज्ज्ञांनी साधाच तक्ता लिहून दिला. दुपारी दोन फुलके, वाटीभर भाजी, वाटीभर वरण किंवा उसळ, कोशिंबीर, ताक. संध्याकाळी काहीतरी छोटं. रात्री दुपारसारखंच, जरा कमी. काहीही वर्ज्य नाही, फक्त माप. घरी मला हे छान जमतं. चार किलो वजनही उतरलं. पण बुधवारी दुपारी टीमबरोबर बाहेर जेवण, शुक्रवारी रात्री नवऱ्याचे मित्र आणि त्यांच्या बायका, रविवारी सासू-सासरे आणि मुलांबरोबर हॉटेल असं ठरलेलं असतं. तिथे गेलं की सगळं सुटतं. रात्री जायचं असेल तेव्हा दुपारी मुद्दाम जेवत नाही, तरीही. दुसऱ्या दिवशी स्वतःचीच एवढी चीड येते की लंघन करते. दोन महिने वजन जागचं हललेलं नाही. ‘डाएटवर आहे’ म्हटलं की सगळे मागे लागतात, सासूबाईंचा चेहरा उतरतो. मैत्रीण म्हणते दीक्षित डाएट कर, जाऊबाई म्हणतात दिवेकर डाएट कर. बाहेर जाणं बंदच करू का? पुढच्या महिन्यात सासऱ्यांची पंचाहत्तरी आहे, थाळीच्या हॉटेलात. तिथे काय करू?
– एक वाचक, पुणे

प्रिय वाचक,

बाहेर जाणं अजिबात बंद करू नका. ज्या आहारात सासऱ्यांची पंचाहत्तरी आणि मुलांचा रविवार बसत नाही, तो आहार वर्षभरही टिकत नाही, आणि तुम्हाला तर तो कायमचा सांभाळायचा आहे. तुमच्या आहारतज्ज्ञांचा तक्ता मला मनापासून आवडला. त्यात उपास नाही, विकत आणायची पावडर नाही, कशाला बंदी नाही. चार किलो त्यावरच उतरले. तेव्हा तक्त्यात खोट नाही आणि तुमच्या मनोनिग्रहातही नाही. अडलंय ते एका हिशेबात.

दिवसाची दोन मुख्य जेवणं धरली तर आठवड्याची चौदा होतात. त्यातली तीन तुम्ही बाहेर जेवता. म्हणजे दर पाच जेवणांमागे एक हॉटेलातलं, वर्षाला दीडशेच्या वर. इतक्या वेळा घडणाऱ्या गोष्टीला अपवाद म्हणता येत नाही. पण तुमच्या मनात, आणि घरातल्या सगळ्यांच्याच मनात, हॉटेल म्हणजे अजून सणच आहे. आपल्या लहानपणी ते खरंही होतं. निकाल लागला, कुणाचा वाढदिवस आला, बोनस झाला की सगळे मिळून पावभाजी नाहीतर मसाला डोसा खायला जायचो. वर्षातून चारदा जाणाऱ्या माणसाने तिथे किती खावं याची चिंता कुणी करायची गरज नव्हती. ती वृत्ती तशीच राहिली आणि जाणं मात्र आठवड्यातून तीनदा झालं. तुमचं बुधवारचं टीमचं जेवण हा सण नाही. डबा नेला नाही म्हणून बाहेर घेतलेलं ते दुपारचं जेवण आहे. ते डब्याच्याच मापाने जेवायचं.

म्हणून पहिलं काम हॉटेलात नाही, घरी करायचं आहे. महिन्याचं कॅलेंडर समोर घ्या आणि त्यातली दोन जेवणं ‘सणाची’ म्हणून ठरवून टाका. पुढच्या महिन्यात त्यातलं एक पंचाहत्तरीचं, दुसरं तुमच्या आवडीचं. त्या दोन दिवशी जे मनापासून आवडतं ते खा, चवीने खा आणि हिशेब मांडू नका. बाकीची दहा-अकरा जेवणं रोजची. त्या दिवशी तुमचा घरचाच तक्ता हॉटेलात शोधायचा. पोळी, भाजी, वरण, कोशिंबीर आणि ताक या पाच गोष्टी आपल्याकडच्या बहुतेक हॉटेलांत मिळतात. तंदुरी रोटी किंवा भाकरी, एक भाजी, एक डाळ, ग्रीन सॅलड, ताक. मेनूकार्ड वीस पानी असलं तरी तुमच्या कामाच्या ओळी तेवढ्याच, आणि त्या तुम्हाला घरून निघतानाच माहीत असतील.

दुपारी मुद्दाम न जेवणं मात्र आजपासून थांबवा. तुमचा शुक्रवार मी डोळ्यांसमोर आणून पाहिला. सकाळी नऊला पोहे, दुपारी फक्त कॉफी. साडेआठला सगळे हॉटेलपाशी जमतात, टेबल मिळेपर्यंत सव्वानऊ वाजतात, स्टार्टर यायला आणखी वीस मिनिटं. तोवर शेवटचं खाऊन बारा तास झालेले असतात. समोर मसाला पापड आणि तळलेलं काहीतरी येतं, आणि अशा भुकेने खाणाऱ्याचा हात थांबत नाही. कुणाचाच थांबणार नाही. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात दोन प्लेट स्टार्टर फस्त झालेले असतात, आणि जेवण अजून यायचंच असतं. दुपारी वाचवलेल्या कॅलरी अशा वेळी व्याजासकट परत जातात.

त्या दिवशी दुपारी नेहमीचं पूर्ण जेवा. सहा-साडेसहाला मूठभर भाजलेले चणे किंवा एखादं फळ आणि ग्लासभर ताक घ्या. हॉटेलात पोचाल तेव्हा भूक लागलेली असावी, पण आग पडलेली नसावी. जमेल तेव्हा टेबल आठचं सांगून ठेवा. मित्रमंडळींनाही बऱ्याचदा ते सोयीचंच असतं, फक्त कुणी म्हणत नाही. (तुम्हाला औषध नाही, पण हे वाचणाऱ्या ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी रात्रीच्या हॉटेलसाठी दुपारचं जेवण टाळू नये. साखर एकदम खाली जाऊ शकते. जेवणाची वेळ उशिरा सरकणार असेल तर औषधाचं काय करायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं.)

आता हॉटेलातल्या भाजीकडे येऊ, कारण माप सुटण्याचं निम्मं कारण तिथे आहे आणि ते तुमच्या ताटातून दिसत नाही. भटारखान्यात पनीर बटर मसाला कसा होतो, ते बघा. ग्रेव्ह्या सकाळीच तयार असतात. कांदा-टोमॅटोची पिवळी, काजू-मगजबीची पांढरी, टोमॅटो-लोण्याची लाल मखनी. ऑर्डर आली की पॅनमध्ये बटरचा गोळा पडतो. त्यावर पळीभर लाल, पळीभर पांढरी, तिखट-मीठ, तळव्यावर चुरडलेली कसुरी मेथी. मग पनीरचे तुकडे, वरून क्रीमची धार आणि उतरवताना पुन्हा बटर. पाच मिनिटांत भाजी टेबलावर. चव उत्तमच असते, का नसेल! पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची मांडणी पाहिली, तर 2000 कॅलरींच्या पूर्ण दिवसाच्या जेवणात वरून घालायचं तेल-तूप 25 ते 30 ग्रॅमच्या आसपास बसतं. साधारण सहा छोटे चमचे. अशी भाजी आणि त्यावर बटर नान घेतलं की दिवसाचा हा वाटा एका बैठकीत संपायला वेळ लागत नाही.

हे सांगायचं कारण घाबरवणं नाही. कोणती विनंती उपयोगाची आणि कोणती फुकट, ते यावरून कळतं. ‘भैया, पनीर बटर मसाल्यात तेल कमी घाला’ हे सांगून काही होत नाही, कारण काजू आणि लोणी सकाळच्या ग्रेव्हीतच गेलेलं आहे. वेटर मान हलवतो, भाजी तशीच येते. मात्र जे ऑर्डर आल्यावर केलं जातं, ते बदलता येतं. रोटीवर शेवटी फासलेलं बटर, डाळीची वरून दिलेली फोडणी, टिक्क्यावर शेवटी फिरवलेला लोण्याचा ब्रश, डोशाच्या कडेने सोडलेलं तेल, पावभाजीवरचा बटरचा गोळा आणि त्याच बटरमध्ये लडबडलेला पाव, मिसळीवरची तर्री. ‘रोटी बिनबटरची’, ‘डाळीला तडका कमी’, ‘टिक्का कोरडा, वरून बटर नको’ असं स्पष्ट सांगा. ही वाक्यं वेटरला रोज ऐकू येतात, त्यात त्याला काही वेगळं वाटत नाही. दहा ग्रॅम बटरमध्ये सत्तरेक कॅलरी असतात, म्हणजे जवळजवळ एका लहान फुलक्याइतक्या. तीन रोट्यांवरचं बटर गेलं तर चवीत फारसा फरक पडत नाही, कारण रोटी आपण भाजीत बुडवूनच खातो.

पंजाबी हॉटेलात मग तुमची निवड सोपी होते. काजूच्या ग्रेव्हीतली भाजी मित्रमंडळींना मागवू द्या, त्यातली चमचा-दोन चमचे चाखा. पण तुमची मुख्य भाजी कोरडी किंवा पालेभाजीची असू द्या. मेथी, भेंडी, आलू-गोभी, बैंगन भरता. डाळ मखनीऐवजी पिवळी डाळ. तंदुरी रोटी मैद्याची की गव्हाची, हे विचारायला संकोच करू नका, बऱ्याच ठिकाणी दोन्ही मिळतात. आता ज्वारी-बाजरीची भाकरीही पुष्कळ हॉटेलांत असते. मांसाहार करत असाल तर तुमचं काम आणखी सोपं आहे. तंदुरी चिकन किंवा फिश टिक्का आणि सॅलड आधी घ्या, नंतर एक रोटी.

‘आधी’ हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. भाजी, सॅलड आणि डाळ-पनीर-मासे-चिकन यांसारखे प्रथिनांचे पदार्थ सुरुवातीला आणि पोळी-भात शेवटी असं खाल्लं, तर जेवणानंतरची साखर कमी चढते, असं मधुमेहींच्या अभ्यासांत दिसलं आहे. तुमचं एचबीएवनसी 6.1 आहे, म्हणजे 5.7 ते 6.4 या मधुमेहपूर्व टप्प्यात. तुमच्यासाठी हा बदल बिनखर्चाचा आणि बिनबोभाटाचा आहे. टेबलावर कुणाच्या लक्षातही येत नाही.

उडप्याकडे जाल तेव्हा दोन इडल्या आणि सांबाराची जादा वाटी हे चांगलं दुपारचं जेवण आहे. मेदूवडा तळलेला असतो. तो खावासा वाटला तर एक मागवून दोघांत वाटून घ्या. चायनीजमध्ये मंचुरियन नावाखाली भज्याच मिळतात, तेव्हा तिथे क्लियर सूप आणि परतलेल्या भाज्या. मालवणी हॉटेलात रवा फ्रायपेक्षा तिखलं किंवा साधं कालवण, तांदळाची एक भाकरी आणि सोलकढी. मिसळीची मटकीची उसळ तुमच्या तक्त्यात अगदी बसते. तर्री आणि फरसाण वेगळं मागा, हवं तेवढं स्वतः घाला. पावाचं माप एकच ठेवा आणि शेजाऱ्याच्या बशीतला दुसरा उचलू नका, एवढं जमलं तरी खूप.

पेयांबद्दल मी कडक आहे. 300 मिलिलिटरच्या कोला-बाटलीत सुमारे 30 ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे, आणि ती चावावी लागत नसल्याने पोटाला तिचा पत्ताच लागत नाही. मॉकटेल म्हणजे बहुतेक वेळा सरबताचा पाक आणि सोडा. फ्रेश लाइम सोडा ‘खारा’ सांगा, नाहीतर ताक, जलजीरा किंवा साधं पाणी. शुक्रवारच्या मंडळींत कुणी पीत असेल आणि तुम्हीही घेत असाल, तर लक्षात ठेवा, मद्यातल्या अल्कोहोलच्या ग्रॅमला 7 कॅलरी असतात आणि त्याबरोबर येणारा चकणा जास्त नडतो.

आता टेबलावरची गोष्ट. आठ जण बसले की ऑर्डर कशी जाते, हे तुम्ही पाहिलंच असेल. एक जण मेनूकार्ड उघडतो, ‘स्टार्टर काय घ्यायचे?’ विचारतो आणि उत्तर यायच्या आत तीन प्लेटी सांगून मोकळा होतो. मग प्रत्येक जण आपल्या आवडीची एकेक भाजी सांगतो. हॉटेलातली एक भाजी दोन-तीन माणसांना सहज पुरते, पण आठ माणसांत सहा भाज्या येतात. मग ‘टाकायचं का एवढं?’ म्हणून सगळे मिळून संपवतात. संपवणाऱ्यांत तुमचा नंबर पहिला असणार, कारण घरातही उरलेलं संपवायची सवय बहुधा बाईलाच लागलेली असते. ही सवय तुम्ही मोडायला हवी, आणि त्यासाठी सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे ऑर्डर तुम्ही द्यायची. ‘आज मी सांगते’ म्हणा. आठ जणांना दोन स्टार्टर, तीन भाज्या, एक डाळ, मोठं सॅलड. सूप वन बाय टू. रोट्या एकदम मागवू नका, ‘लागतील तशा सांगू’ म्हणा. त्या गरमही मिळतात आणि पहिली रोटी संपल्यावर दुसरी खरंच हवी आहे का, हे विचारायला एक क्षण मिळतो. कमी पडलं तर आणखी मागवता येतं. हॉटेल कुठे पळून जात नाही. आणि उरलं तर पार्सल. पार्सल मागण्यात कमीपणा काही नाही, दुसऱ्या दिवशी मुलांच्या डब्याचं काम होतं.

बुधवारी तर हे आणखी सोपं आहे, कारण तिथे प्रत्येक जण आपापलं मागवतो. तुमची टीम साखळी हॉटेलांत, पिझ्झा-बर्गर किंवा कॉफीच्या दुकानांत जात असेल, तर मेनूकार्डावर कॅलरींचे आकडे पाहा. दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्यांना ते छापणं एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमानुसार 2022 पासून बंधनकारक आहे. दर वेळी बेरीज करत बसायची गरज नाही. ‘मीडियम’ आणि ‘लार्ज’मधला फरक एकदा वाचला की हात आपोआप मीडियमकडे जातो.

‘डाएटवर आहे’ हे वाक्य मात्र सोडून द्या. ते ऐकलं की समोरच्याला वाटतं, ही आपल्यात जेवायला बसलेली नाही. मग आग्रह सुरू होतो, आणि आपल्याकडे आग्रह म्हणजे प्रेम दाखवायची रीत आहे. त्याच्याशी भांडून कुणाचं भलं झालेलं नाही. तुम्ही पोटभर आणि आनंदाने जेवा, पदार्थाचं तोंडभरून कौतुक करा आणि पुरे झालं की ‘मस्त होतं, पोट भरलं’ एवढंच म्हणा. कारण सांगू नका. कारण सांगितलं की त्यावर चर्चा होते. ताटात थोडं वाढलेलं राहू द्या. रिकामं ताट दिसलं की वाढणाऱ्याचा हात पुढे येतोच.

सासूबाईंशी मात्र बोला, पण हॉटेलात नाही, घरी, दुपारच्या चहाच्या वेळी. त्यांना रिपोर्ट दाखवा. तुमच्या पत्रावरून मला असं वाटतं की त्यांना तुमचा आजार माहीत नाही, फक्त तुमचा नकार माहीत आहे. ज्या पिढीने साखरेचा आजार आपल्या भावा-बहिणींत जवळून पाहिला आहे, ती पिढी हे चटकन समजते. ‘आई, मी सगळं खाणार आहे, फक्त थोडं. तुम्ही मला आग्रह करू नका, बाकीच्यांनी केला तर तुम्हीच त्यांना थांबवा’ अशी कामगिरी त्यांच्यावरच सोपवा. ही जबाबदारी त्या मनापासून घेतील, अशी माझी खात्री आहे. नवऱ्याला मात्र एकच सांगायचं : टेबलावर माझ्या ताटाबद्दल काही बोलायचं नाही, ना कौतुकाचं, ना आठवणीचं. ‘तुला हे चालतं का गं?’ असं चारचौघांत विचारलं जाणं फार लागतं. मुलांसमोर जेवणाला ‘पाप’ किंवा ‘चुकलं’ असले शब्द लावू नका. ती तुमच्याकडूनच खाणं शिकताहेत.

दीक्षित की दिवेकर, या वादात मी तुम्हाला पडू देणार नाही. एकीकडे दिवसातून दोनदाच खायचं, दुसरीकडे थोड्या थोड्या वेळाने. दोन्हीकडे मनापासून मानणारी असंख्य माणसं आहेत. पण तुमच्या हातात तुमच्यासाठी लिहिलेला तक्ता आहे आणि त्याने काम केलेलं आहे. दर शुक्रवारी नवी पद्धत धरली तर एकीचाही गुण येणार नाही.

दुसऱ्या दिवसाच्या लंघनाबद्दल. हॉटेलात जेवलं की सकाळी वजनकाटा किलोभर जास्त दाखवतो आणि तुमचा जीव खाली-वर होतो. ती चरबी नसते. एका रात्रीत किलोभर चरबी होत नाही. हॉटेलच्या जेवणात मीठ खूप असतं. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ सांगितलं आहे, ते पापड, लोणचं, ग्रेव्ही आणि सूप मिळून एका जेवणातच होऊन जातं. त्या मिठाने शरीर पाणी धरून ठेवतं. दोन दिवसांत ते उतरतं. तेव्हा हॉटेलच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर उभंच राहू नका. वजन आठवड्यातून एकदा, बुधवारी सकाळी, बाहेर जेवायला जायच्या आधी. आणि दुसऱ्या दिवशी लंघन नाही, दुप्पट चालणं नाही. सकाळी नेहमीचा नाश्ता, दुपारी नेहमीचे दोन फुलके. लंघनाने फक्त पुढच्या जेवणाची भूक वाढते, आणि तुमच्या आठवड्यात पुढचं हॉटेल कधीच फार लांब नसतं. त्या रात्री काही करायचंच असेल तर जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला. शतपावलीने जेवणानंतरची साखर खरोखर खाली राहते. गाडी जरा लांब लावा आणि सगळ्यांनाच चालत न्या. रविवारी सासू-सासऱ्यांनाही ते मानवेल. फक्त चालण्याचा आणि खाण्याचा सौदा करू नका. सिंहगड चढून गेलो म्हणजे वर कांदाभजी, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही सगळं ‘जिरतं’, असं पुण्यात खूप जण मानतात. गड चढायचा तो चढण्यासाठी चढा. पिठलं-भाकरी तर तशीही चांगलीच आहे, भज्यांचं ताट चौघांत एक पुरतं.

आता पंचाहत्तरी. हे सणाचं जेवण, त्यामुळे वर लिहिलेलं बरंचसं त्या दिवशी लागू नाही. पण अमर्याद थाळीची एक खासियत आहे. तिथे तुम्ही काही मागवत नाही, तुम्हाला वाढलं जातं. वाटी रिकामी दिसली की वाढपी भरतो, ते त्याचं कामच आहे. सहा-सात वाट्या, दोन फरसाण, दोन गोड, पोळ्या, पुऱ्या, मग खिचडी-कढी. मनात ‘एवढे पैसे दिलेत’ हा विचार असतोच. पैसे माणशी ठरलेलेच असतात, तुम्ही एक वाटी खाल्ली काय किंवा दहा. जास्त खाल्ल्याने ते परत मिळत नाहीत.

ताट समोर आलं की वाढायला सुरुवात होण्याआधीच दोन-तीन वाट्या परत द्या. ‘या नकोत, घेऊन जा.’ एकदा भरलेली वाटी परत देणं अवघड असतं, रिकामी देणं सोपं. फरसाणातलं एकच घ्या, जे गरम आहे ते. पहिल्या फेरीत कोशिंबीर, पालेभाजी, उसळ, ताक. मग तुमच्या आवडीचं. गोडाचं आधीच ठरवून जा : बासुंदी किंवा पुरणपोळी, दोन्ही नको. जे निवडाल ते पूर्ण खा, पुरणपोळीवर तूप घेऊन खा, भाताआधी खा म्हणजे भुकेला चव कळेल, आणि मग भात घेतला नाही तरी काही बिघडत नाही. पुन्हा वाढायला कुणी आलं तर ताटावर आडवा हात धरा. आपल्याकडे सगळ्या वाढप्यांना हा हात समजतो. जेवण संपल्यावर साखरेच्या रंगीत बडीशेपेऐवजी साधी भाजलेली बडीशेप मागा. आणि त्या दिवशी सासऱ्यांच्या शेजारी बसा. ते सावकाश जेवत असतील, तुमचाही वेग आपोआप उतरेल.

एक गोष्ट तुमच्या आहारतज्ज्ञांना सांगा, बहुधा ती त्यांच्या कानावर गेलेली नसावी : आठवड्यातली तीन जेवणं बाहेर होतात. त्यांनी तक्ता घरच्या स्वयंपाकाला धरून केला आहे. तुमच्या नेहमीच्या दोन-तीन हॉटेलांची मेनूकार्डं फोनमध्ये घेऊन जा आणि प्रत्येकातलं तुमचं ‘रोजचं जेवण’ त्यांच्याकडूनच लिहून घ्या. त्यातली एखादी गोष्ट माझ्या सल्ल्याहून वेगळी निघाली तर त्यांचं ऐका, तुमचे सगळे रिपोर्ट त्यांच्यासमोर आहेत. एचबीएवनसी साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगतं, तेव्हा हे सुरू केल्यापासून तीन महिन्यांनी तपासणी करा, त्याआधी नको. रिपोर्ट आला की मला जरूर कळवा, आणि सासऱ्यांना माझ्याकडून पंचाहत्तरीच्या शुभेच्छा सांगा.